ब्रेक नसलेली उडी

जॉन जोसेफ मर्लिन हा बेल्जियममधल्या हुई गावचा कारागीर १७६० मध्ये लंडनला आला. घड्याळं, वाद्यं, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या यांत त्याचा हात धरणारे लंडनमध्ये फार थोडे होते. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या बोज म्युझियममध्ये मान वळवून मासा उचलणारा चांदीचा हंस आहे, त्याच्या यंत्रणेत मर्लिनचा हात होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा एक फजितीचा किस्सा. सोहो चौकातल्या कार्लाइल हाउसमध्ये मुखवट्यांची मेजवानी होती. मर्लिन चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत पाहुण्यांमधून घरंगळत निघाला. वेग आला, वळता येईना, थांबता तर मुळीच येईना. समोर पाचशे पौंडांहून जास्त किमतीचा आरसा होता. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं, स्वारी रक्तबंबाळ झाली. ही हकीकत छापून आली ती त्याच्या मृत्यूनंतर, तेव्हा तिच्यात मीठमसाला असणारच. पण चाकांच्या बुटांची मूळ अडचण तिच्यात नेमकी पकडली आहे: निघणं सोपं, थांबायचं कसं ते सांगा.

पुढच्या सगळ्या सुधारणा याच प्रश्नाभोवतीच्या. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं दोन-दोन चाकांच्या जोड्या लावून वळणं शक्य केलं. १९८० च्या आसपास मिनेसोटातल्या ओल्सन बंधूंनी एका रांगेतल्या चाकांचे स्केट्स पुन्हा बाजारात आणले, कारण उन्हाळ्यात बर्फ नसताना हॉकीपटूंना सराव हवा होता. त्यातून रोलरब्लेड कंपनी उभी राहिली. टाचेला रबराचा तुकडा आला आणि डांबरी रस्त्यापुरता ब्रेकचा प्रश्न सुटला. मग १९९० च्या दशकात याच कंपनीनं ‘कायोटी’ नावाचा स्केट काढला. त्याला तीन मोठी, हवा भरलेली चाकं होती. गवतावर, मातीवर, कच्च्या वाटेवर चालवायचा. पॉवरस्लाइड या जर्मन कंपनीनं प्रत्येक पायाला १५० मिलिमीटरची दोनच हवेची चाकं असलेले नॉर्डिक स्केट्स आणले. रस्ता सुटला, आणि रस्त्याबरोबर ब्रेकचा भरवसाही सुटला. ओल्या वाळूवर वेगात टाच दाबली तर रबर रुततं आणि माणूस पुढे जातो.

असे स्केट्स पायांत चढवून, कंबरेला पट्टा बांधून, पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला सहा-सात चौरस मीटरचा पतंग उडवत समुद्राच्या ओल्या वाळूवरून धावायचं आणि भरवेगात जमीन सोडायची, असा एक खेळ आहे. खेळणारे थोडे आहेत. पतंगानं ओढली जाणारी तीनचाकी बग्गी किंवा पायाखाली एकच मोठी फळी, हे प्रकार जास्त चालतात. त्या मंडळींतही स्केटवाले जरा चक्रमच समजले जातात. मला मात्र या सगळ्या प्रकारांत हाच सर्वांत सरळ वाटतो. बग्गीवाला बसलेला असतो, फळीवाल्याचे दोन्ही पाय एकाच वस्तूला बांधलेले असतात. स्केटवाल्याचे पाय सुटे. हवेत गेल्यावर त्याच्याकडे पतंगाशिवाय दुसरं काहीही नसतं, आणि जमिनीवर आल्यावरही थांबवणारा तो पतंगच.

वाऱ्याला गाडी जुंपायचा उद्योग जुना आहे. १६०० च्या सुमारास सायमन स्टेविन या गणितज्ञानं नेदरलँडच्या राजपुत्रासाठी शिडाची गाडी बांधली आणि ती श्केव्हनिंगनपासून पेटनपर्यंत समुद्रकिनाऱ्यानं माणसं भरून नेली. पण ते शीड. पतंगाला गाडी जोडणारा माणूस दोन शतकांनी आला, आणि तो होता ब्रिस्टलचा शाळामास्तर जॉर्ज पोकॉक. पोरांना आपोआप छड्या मारणारं एक यंत्र त्यानं शोधलं होतं, एवढ्यावरून गृहस्थाची कल्पना यावी. १८२६ मध्ये त्यानं ‘शार्व्होलाँ’ नावाच्या पतंगगाडीचं पेटंट घेतलं. एकामागे एक दोन मोठे पतंग, ते वळवायला चार दोऱ्या, खाली हलकी चारचाकी. ताशी तीसेक किलोमीटर वेगानं ही गाडी घोड्यांच्या गाड्यांना मागे टाकी. टोलनाक्यावर गंमत व्हायची. टोल घोडे मोजून घ्यायचा असे, आणि या गाडीला घोडाच नाही!

त्याआधी, १८२४ च्या सुमारास, पोकॉकनं आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगानं सुमारे २७० फूट वर चढवलं होतं. मुलालाही असंच एका कड्याच्या माथ्यावर पोचवलं. बाप म्हणून त्याच्याविषयी काय म्हणावं ते वाचकांनी ठरवावं. मार्था सुखरूप उतरली, मोठी झाली, ग्रेस घराण्यात पडली, आणि १८४८ मध्ये तिला झालेला एक मुलगा क्रिकेटच्या इतिहासात दाढीसकट अमर झाला: डब्ल्यू. जी. ग्रेस. पतंगाची दोरी त्या दिवशी तुटली असती तर क्रिकेटचं काय झालं असतं, हा प्रश्न दिवाळी अंकासाठी राखून ठेवण्याजोगा आहे.

पोकॉकचा पतंग कागद-कापडाचा आणि कामट्यांचा, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या पतंगाचाच थोरला भाऊ. असा पतंग पडला की मोडतो. माणसाला रोज उठून उचलेल असा पंख हवा तर त्यात मोडण्याजोगं काही असताच कामा नये. हे जमवलं डोमिना जाल्बर्टनं. क्विबेकमध्ये जन्मलेल्या आणि पुढे फ्लोरिडात स्थायिक झालेल्या या माणसानं १९६४ मध्ये कापडाच्या कप्प्यांचा पंख पेटंटसाठी मांडला. वरचं कापड, खालचं कापड, मध्ये उभे पडदे, पुढची कड उघडी. पुढून वारा आत शिरतो, कप्पे फुगतात, आणि एकही कामटी नसताना विमानाच्या पंखाचा आकार तयार होतो. आजची चौकोनी पॅराशूट, पॅराग्लायडर, ओढीचे पतंग, सगळी याच कल्पनेची लेकरं. कामशेतच्या टेकडीवर ज्यांनी उडण्याआधी पॅराग्लायडर जमिनीवरच फुगवून सांभाळायचा सराव केला आहे, त्यांना ही ओढ नव्यानं सांगायला नको. झुळूक जरा वाढली की पंख आपलं ऐकेनासा होतो आणि आपण त्याच्यामागे चालू लागतो.

इंग्लंडमध्ये रे मेरी आणि अँड्र्यू जोन्स या दोन विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात ‘फ्लेक्सिफॉइल’ काढला. त्याच्या पुढच्या कडेला लवचीक दांडी होती, आणि एकामागे एक अनेक पतंग जोडून प्रचंड ओढ मिळवता येई. न्यूझीलंडच्या अ‍ॅशबर्टन गावच्या पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास तीन चाकांची बग्गी लोकांच्या आवाक्यात आणली. बसायला कापडी झोळी, पुढचं चाक पायांनी वळवायचं, हात पतंगासाठी मोकळे. हेच पीटर लिन पुढे जगातले सर्वांत मोठे पतंग बांधणारे म्हणून गाजले. कुवेतच्या झेंड्याचा त्यांचा पतंग हजार चौरस मीटरहून मोठा आहे. फ्रान्समध्ये ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट घेतलं. तो पाण्यात पडला तरी पुन्हा उठवता येतो. काइटसर्फिंगचा आजचा पसारा त्याच्यावर उभा राहिला. उड्या मारण्याचं वेड पाण्यावरून आलं, आणि मग कुणी ना कुणी म्हणणारच होतं, की हे वाळूवर का नको?

का नको, याचं उत्तर भौतिकशास्त्र देतं आणि ते कुणाच्या हौसेकडे बघत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ३० चा झाला तर ओढ दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. सहा चौरस मीटरचा पतंग, सेकंदाला दहा मीटर वारा. पतंग एका जागी स्थिर असेल तर ढोबळ हिशेबानं पस्तीस-चाळीस किलोंची ओढ. माणूस टाच रोवून उभा राहू शकतो. पण हाच पतंग आभाळात वळवून झेपावू दिला आणि त्याला हवा दुप्पट वेगानं लागली, की ओढ चौपट, म्हणजे दीडशे किलोंच्या घरात. पंच्याहत्तर किलोंचा माणूस उचलायला ती पुरून उरते. म्हणून उडी वाऱ्यानं मिळत नाही, पतंगाच्या चालीनं मिळते. वारा तोच असतो, उडवणारा एका मनगटाच्या हालचालीत त्यातून चौपट ओढ काढतो. आणि नवशिक्या ती नकळत काढतो, तिथे अपघात होतो.

आता प्रत्यक्ष उडी. वारा समुद्राकडून येतोय आणि स्केटवाला किनाऱ्याला समांतर, वाऱ्याला आडवा धावतोय असं समजा. पतंग पुढे, आभाळात अर्ध्या उंचीवर. तो वेग वाढवतो. मग किंचित वाऱ्याच्या समोर वळतो आणि अंग मागे टाकतो. दोऱ्या ताणतात. घाई करणारा इथेच फसतो, कारण दोऱ्यांत ताण नसताना पतंग वर नेला तर तो नुसताच वर जातो. ताण आला की दोऱ्या बांधलेल्या दांडीवरचा मागचा हात ओढायचा. पतंग पुढची बाजू सोडून वर चढतो, डोक्यावरून जातो, थोडा मागे झुकतो. नेमक्या त्या वेळी दोन्ही हातांनी दांडी जवळ घ्यायची. आडवी ओढ उभी होते. चाकांचा खडखडाट थांबतो.

बघणारे टाळ्या वाजवतात त्या इथे. खरं काम मात्र अजून सुरू व्हायचंय. पतंग मागे आहे आणि माणूस आपल्या वेगानं पुढे चाललाय, म्हणजे तो दोऱ्यांखाली झोपाळ्यासारखा पुढे झुलणार. तसंच सोडलं तर पाय वर, पाठ खाली. म्हणून सर्वोच्च बिंदूच्या आधीच पतंगाला पुन्हा पुढे बोलवायचं, हळू, डोक्याच्या बरोबर वर आणायचं आणि तिथे धरून ठेवायचं. तीन मीटरवरून नुसतं पडलं तर माणूस ताशी २८ किलोमीटरनं जमिनीला भेटतो, पाच मीटरवरून ३५ च्या वर. पतंग डोक्यावर भरलेला असेल तर तोच माणूस जिना उतरल्याच्या बेतानं खाली येतो. दांडी फार ओढून धरली तर पतंगाची हवा तुटते, तो लुळा पडतो, आणि वर सांगितलेला वेग पुन्हा लागू होतो.

शेवटच्या मीटरभरात पतंगाला पुढे, धावण्याच्या दिशेत, खाली झेपावायला लावायचं. कारण चाकं फक्त एकाच दिशेत फिरतात. पाण्यावर फळी तिरकी टेकली तर घसरते, पाणी थोडं दबतं, माफ करतं. बर्फावर स्की कडेनं सरकते. हवेचं चाक वाळूवर आडवं टेकलं तर थांबतं, आणि वरचा माणूस थांबत नाही. म्हणून टेकताना पावलं प्रवासाच्या रेषेत, एक जरा पुढे, गुडघे वाकलेले, आणि अंगात वाळूवर धावत राहण्याइतका वेग. उभ्या उभ्या, जागच्या जागी उतरणं दिसायला शूर, पण गुडघ्यांना वाईट. जाणकार स्केटवाला उतरतो तेव्हा चढतानापेक्षा जास्त वेगात असतो, आणि बघणाऱ्याला ते घाईत वाटतं. पाण्यावरच्या उड्या आता तीस मीटरच्या वर गेल्या आहेत. फळीला लावायच्या छोट्या यंत्रांवर त्या मोजल्या जातात, स्पर्धा होतात. चाकांवर असल्या आकड्यांच्या मागे लागणाऱ्यांविषयी मला आदर नाही. मीटरभर उंच आणि तीस मीटर लांब अशी सपाट उडी, जिच्या शेवटी चाकं आवाज न करता फिरू लागतात, तिला जास्त अक्कल लागते. तिचे फोटो मात्र चांगले येत नाहीत.

जागा कुठली, यावर अर्धा खेळ ठरतो. डेन्मार्कमधली फाने आणि रोमो ही बेटं, जर्मनीतलं सेंट पीटर ऑर्डिंग, वेल्समधलं पेंडाइन: सगळीकडे ओहोटीला मैलोन्‌मैल टणक, सपाट वाळू उघडी पडते आणि समुद्रावरून अडथळ्याशिवाय वारा येतो. फानेवर तर दर जूनमध्ये जगभरचे पतंगवाले जमतात. दुसरी तऱ्हा वाळवंटी. लास वेगासहून लॉस एंजेलिसच्या रस्त्यानं निघालं की राज्याच्या सीमेवर इव्हानपा नावाचं कोरडं तळं लागतं. तळ्याचा तळ भाजलेल्या मातीचा, मैदानासारखा सपाट. २००९ मध्ये रिचर्ड जेंकिन्सनं ‘ग्रीनबर्ड’ ही शिडाची गाडी इथेच ताशी २०२.९ किलोमीटरनं पळवली. तो विक्रम २०२२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर सरोवरावर न्यूझीलंडच्या ‘होरोनुकू’नं २२२.४ वर नेला. इव्हानपाला चाकं वाळूपेक्षा फार मोकळी फिरतात, वेग सहज मिळतो. पण दुपारी तापलेल्या मातीतून वावटळी उठतात. वावटळीत वाऱ्याला दिशा नसते. पतंगाखालचा माणूस एका क्षणी ओढ नाही म्हणून दोऱ्या गोळा करत असतो, आणि दुसऱ्या क्षणी उलट्या बाजूनं उचलला जातो. तिथले जुने लोक क्षितिजावर धूळ फिरताना दिसली की पतंग खाली घेतात.

या खेळातले वाईट अपघात बहुधा ठरवून मारलेल्या उड्यांचे नसतात. माणूस उभा असतो, पतंग डोक्यावर ‘विश्रांती’ घेत असतो, आणि एक जोरदार झोत येतो. सुरुवातीच्या काळात लोक पतंग कड्यानं कंबरपट्ट्याला अडकवत आणि ओढ आल्यावर ते कडं उघडत नसे. मग सुधारणा झाल्या. हातात धरायच्या मुठींसाठी मनगटाला ‘काइट किलर’ नावाचे पट्टे आले. मुठी सोडल्या की मागच्या, ब्रेकच्या दोऱ्या ओढल्या जातात आणि पतंग कोलमडतो. दांडीवाल्या पतंगांना छातीशी लाल कळ आली. ढकलली की पतंग एकाच दोरीवर लोंबतो. कळ सगळ्यांकडे असते. ती दाबायचं धाडस मात्र पाय जमिनीवर आहेत तोवरच कामाचं. दहा मीटर वर गेल्यावर पतंग सोडून देणं म्हणजे उरलेला एकुलता एक ब्रेक फेकून देणं. म्हणून नवशिक्याला पहिल्या दिवशी स्केट्स देत नाहीत. आधी दोन-तीन चौरस मीटरचा पतंग, उघड्या पायांनी, मग कळ दाबण्याचा सराव, इतका की डोक्याआधी हात हलावा. उडीची गोष्ट फार नंतरची.

दोऱ्यांचीही दखल घ्यायला हवी, विशेषतः आपण. त्या डायनीमासारख्या धाग्याच्या असतात, वजनाच्या मानानं पोलादाहून कितीतरी मजबूत, प्रत्येक दोरी शंभर-दोनशे किलो सहज पेलणारी. त्यांना काच लावलेली नसते. पण ताणलेली, सरकणारी बारीक दोरी कातडी चिरायला काच मागत नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या बातम्या येतातच. डोळ्यांना न दिसणारी दोरी किती लांबवर माणसाला गाठते, हे महाराष्ट्राला सांगावं लागत नाही. म्हणून युरोपातल्या किनाऱ्यांवर वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, दोऱ्यांच्या लांबीच्या कितीतरी पुढेपर्यंत, कुणीही असू नये असा दंडक आहे. ब्रिटनमध्ये साठ मीटरच्या वर पतंग न्यायला परवानगी लागते. भारतात १९३४ च्या विमान कायद्यानं विमानाच्या व्याख्येत फुगे, ग्लायडर यांच्या शेजारी पतंगही बसवला होता. तेव्हा आपण सगळेच गच्चीवरचे वैमानिक.

कोकणाकडे बघून हा खेळ इथे का नाही, असं कुणालाही वाटेल. दिवेआगर, गुहागर, दापोलीजवळचं मुरुड. ओहोटीला वाळू अशी घट्ट होते की लोक मोटारी घालतात आणि मग ट्रॅक्टर बोलावतात. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे मैदान दिवसातून दोनदा धुऊन मिळतं. एप्रिल-मेच्या दुपारी वायव्येचा वारा समुद्रावरून नेमानं सुटतो. सगळं जुळतं. न जुळणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली किनाऱ्यामागचं सुरूचं बन आणि नारळी-पोफळी. समुद्रावरून येणारा वारा तिथे अडखळून वर उसळतो, आणि ज्याला पतंगानं जरा जास्त आत नेलं तो नेमका त्या गढूळ वाऱ्यात आणि झाडांत उतरतो. दुसरी गोष्ट माणसं. मे महिन्यातल्या चार वाजताच्या किनाऱ्यावर घोडागाडी, उंट, क्रिकेटचे सहा डाव, भेळ आणि पाण्यात भिजलेली कुटुंबं असताना दोऱ्यांचं शंभर मीटरचं मोकळं वर्तुळ कुठून आणायचं? गोव्यात मांद्रे-मोरजीच्या बाजूला पाण्यावरचं काइटसर्फिंग चालतं, कारण तिथे पतंगाखाली पाणी असतं. जीपनं किंवा बोटीनं ओढायचं पॅरासेलिंग कोकणात बघायला मिळतं, पण त्यात वर गेलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. सगळं खालचा ड्रायव्हर करतो.

तरी समजा, कुणी हट्टानं करायचंच ठरवलं. तर आठवड्याच्या मधला दिवस, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या जवळची मोठी ओहोटी, गावापासून लांबचा किनारा आणि वारा मोजायचं हातातलं यंत्र. वाऱ्याचा सरासरी वेग बघायचा नाही, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतलं अंतर बघायचं. पंधरा ते अठरा असेल तर पतंग उघडायला हरकत नाही. दहा ते अठ्ठावीस असेल तर सरासरी साधारण तेवढीच दिसेल, पण मधल्या एका झोतात ओढ आठपटीच्या जवळ जाईल. मग पिशवीची चेन लावायची आणि गावात जाऊन माशाचं ताट मागवायचं.